मेनफ्रेम बॅचची डेडलाइन: वेळापत्रक शेवटाकडून कसे बांधावे

रात्रीची बॅच (मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर आपोआप चालणाऱ्या जॉबांची, म्हणजे कामांची साखळी) सकाळी सहाच्या आत संपायला हवी, हे ऑपरेशन्समध्ये सगळ्यांना पाठ असते. मात्र त्या साखळीतला चौथा जॉब उशिरात उशिरा किती वाजता सुरू झाला तरी चालेल, असे विचारले की बहुतेक जण स्क्रीनकडे पाहू लागतात. डेडलाइन चुकते ती प्रत्यक्षात सहा वाजता चुकत नाही. ती दोन-तीन तास आधी, कोणाच्याही लक्षात न येता चुकलेली असते आणि सहा वाजता फक्त उघडकीस येते. म्हणून या लेखात वेळापत्रक सुरुवातीपासून पुढे न मांडता मुदतीपासून मागे कसे बांधायचे, ते शेड्यूलरमध्ये (जॉब ठरल्या वेळी आणि क्रमाने सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कसे भरायचे आणि रात्री त्यावर नजर कशी ठेवायची, हे क्रमाने सांगितले आहे. उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका बँकेचे घेतले असून त्यातले आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर काम करणाऱ्या अनेकांचा दिवस अशाच एखाद्या बँकेच्या रात्रीत जातो.

पहिली पायरी: मुदत नेमकी कोणाची आहे ते विचारावे

शेड्यूलमध्ये लिहिलेल्या सगळ्याच मुदती खऱ्या नसतात. काही मुदती बाहेरच्या संस्थेने ठरवलेल्या असतात आणि तिथे विनवणीला वाव नसतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या एसीएच सेवेत (बँकांमधले व्यवहार फाइलींनी एकगठ्ठा करणाऱ्या सेवेत) त्याच दिवशी जमा व्हायच्या व्यवहारांच्या फाइल देण्यासाठी पूर्वेकडील वेळेनुसार १०:३०, १४:४५ आणि १६:४५ अशा वेळा ठरलेल्या आहेत. १०:३१ ला पोचलेली फाइल पुढच्या खिडकीत जाते, मग उशिराचे कारण काहीही असो. दुसऱ्या प्रकारच्या मुदती सेवेच्या असतात, जसे की सकाळी सहाला सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार हाताळणारे सॉफ्टवेअर) सुरू होऊन शाखांना आणि एटीएमला ताज्या शिलका दिसल्या पाहिजेत. तिसरा प्रकार सवयीचा. कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी एखादा अहवाल पहाटे चारला मागितला होता, तो माणूस निवृत्त झाला, अहवाल आता कोणी उघडत नाही, पण चारची मुदत शेड्यूलमध्ये अजून लाल होते आहे.

म्हणून प्रत्येक मुदतीपुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: ती कोणी ठरवली, चुकली तर नेमके काय होते आणि चुकणार असे दिसल्यास किती वाजेपर्यंत कोणाला कळवायचे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर ती मुदत कमी महत्त्वाच्या यादीत टाकण्याबद्दल संबंधितांशी बोलावे. सवयीच्या मुदती जितक्या कमी होतील तितका रात्रीचा गोंगाट कमी होतो आणि खरी धोक्याची सूचना ऐकू येते.

दुसरी पायरी: साखळी कागदावर मांडून उलट मोजावी

उदाहरणातल्या बँकेत ऑनलाइन व्यवहार २२:३० ला बंद होतात. त्यानंतर दिवसभराचे व्यवहार गोळा करणारा जॉब (२५ मिनिटे), ते क्रमाने लावणारा सॉर्ट (१० मिनिटे), खात्यांवर पोस्टिंग, म्हणजे व्यवहारांची नोंद (९५ मिनिटे), पोस्टिंगनंतरचा बॅकअप (२० मिनिटे), व्याज आकारणी (५० मिनिटे) आणि जनरल लेजरसाठीचा, म्हणजे मुख्य खातेवहीसाठी माहिती काढणारा एक्स्ट्रॅक्ट (३० मिनिटे) असे सहा जॉब एकामागून एक चालतात. एकूण २३० मिनिटे, म्हणजे तीन तास पन्नास मिनिटे. मुदत ०६:०० ची, त्यातून अडचणीसाठी अर्धा तास राखून ठेवला तर साखळी ०५:३० ला संपली पाहिजे. आता मागे चालत जायचे:

एक्स्ट्रॅक्ट: उशिरात उशिरा ०५:००
व्याज आकारणी: ०४:१०
बॅकअप: ०३:५०
पोस्टिंग: ०२:१५
सॉर्ट: ०२:०५
व्यवहार गोळा करणे: ०१:४०

पहिला जॉब २२:३० ला सुरू होऊ शकतो आणि ०१:४० पर्यंत थांबू शकतो, म्हणजे हाताशी तीन तास दहा मिनिटांची ढील आहे. नव्या माणसाला एवढी ढील पाहून बरे वाटते आणि इथेच त्याची फसगत होते, कारण हा हिशोब आठवड्यातल्या साध्या रात्रीचा आहे.

महिनाअखेरीला पोस्टिंगला ९५ ऐवजी १६० मिनिटे आणि व्याज आकारणीला ५० ऐवजी १४० मिनिटे लागतात असे धरू. एकूण १५५ मिनिटे वाढली. व्याज आकारणीची शेवटची वेळ ०२:४० वर आली, बॅकअपची ०२:२०, पोस्टिंगची २३:४०, सॉर्टची २३:३० आणि पहिल्या जॉबची २३:०५. ढील उरली पस्तीस मिनिटे. कोणी म्हणेल, पस्तीस तर पस्तीस, अजून शिल्लक आहे. पण पोस्टिंगला फक्त सॉर्टचीच वाट पाहायची नसते. कार्डांच्या व्यवहारांची फाइल बाहेरच्या कंपनीकडून येते, ती साधारण ००:३० ला पोचते आणि तिच्याशिवाय पोस्टिंग सुरू होत नाही. साध्या रात्री पोस्टिंगला ०२:१५ पर्यंत सवड असल्याने ही फाइल कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. महिनाअखेरीला मात्र पोस्टिंग २३:४० ला सुरू व्हायला हवे आणि फाइल येणार ००:३० ला. एकही जॉब न पडता, सगळे ठरल्याप्रमाणे होऊनही राखीव अर्धा तास संपवून बॅच ०६:२० ला पूर्ण होणार. हे महिन्याच्या पहिल्या तारखेलाच कागदावर दिसत होते.

क्रिटिकल पाथ म्हणजे सर्वांत जास्त जॉबांची साखळी नव्हे. तो ज्या वाटेवर सर्वांत कमी ढील आहे ती वाट असतो, आणि तारखेप्रमाणे तो बदलतो. साध्या रात्रीसाठी, महिनाअखेरीसाठी, तिमाहीअखेरीसाठी आणि वर्षअखेरीसाठी वेगळा कागद करावा. वरच्या उदाहरणात उपाय तीन आहेत: कार्डांची फाइल महिनाअखेरीला लवकर द्यायला लावणे, पोस्टिंगचे दोन भाग करून कार्डांचे व्यवहार दुसऱ्या भागात घेणे, किंवा खात्यांच्या क्रमांकांनुसार पोस्टिंग समांतर चालवणे. माझा कल दुसऱ्याकडे झुकतो. पहिला उपाय दुसऱ्या कंपनीच्या मर्जीवर आहे आणि तिसऱ्यासाठी प्रोग्रॅममध्ये हात घालावा लागतो, शिवाय समांतर चालणारे भाग त्याच डेटावर लॉक (ताबा) घेऊन एकमेकांना अडवणार नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते.

राखीव अर्धा तास कुठून आला, हेही विचारावे. तो अंदाजपंचे ठेवू नये. सर्वांत लांब जॉब शेवटच्या क्षणी पडला तर तो पुन्हा उभा करायला किती वेळ लागेल, यावरून तो ठरतो. पोस्टिंग ९० व्या मिनिटाला पडले आणि पहिल्यापासून चालवावे लागत असेल, तर अर्ध्या तासाने काहीच होत नाही. प्रोग्रॅम ठरावीक व्यवहारांनंतर कमिट घेत असेल, म्हणजे तोवरचे काम पक्के नोंदवत असेल, आणि तिथून पुन्हा सुरू होऊ शकत असेल, तरच अर्धा तास पुरतो.

तिसरी पायरी: जॉबचा कालावधी नोंदींवरून घ्यावा

‘हा जॉब साधारण तासाभराचा आहे’ हे वाक्य शेड्यूलमध्ये येऊ देऊ नये. झेड/ओएस ही मेनफ्रेमची कार्यप्रणाली प्रत्येक जॉबची आणि स्टेपची (जॉबच्या एकेका टप्प्याची) नोंद एसएमएफ या आपल्या नोंदवहीत ठेवते. प्रकार ३० च्या नोंदींत स्टेप संपल्याचा उपप्रकार ४ आणि जॉब संपल्याचा उपप्रकार ५ असतो. त्यांतून किमान तेरा महिन्यांचे आकडे काढावेत, म्हणजे वर्षअखेर आणि मागच्या वर्षीचा तोच महिना दोन्ही हाताशी येतात. सरासरीवर भिस्त ठेवू नये. वीस साध्या रात्री आणि एक महिनाअखेर यांची सरासरी ना इकडची ना तिकडची. ती कोणत्याच रात्री खरी ठरत नाही. साध्या रात्रींपैकी दहातल्या नऊ रात्री जॉब ज्या वेळात संपतो ती वेळ धरावी.

बहुतेक शेड्यूलर प्रत्यक्ष कालावधी पाहून अंदाज आपोआप सुधारतात. आयबीएमच्या झेड वर्कलोड शेड्यूलरमध्ये त्यासाठी स्मूदिंग फॅक्टर आणि फीडबॅकची मर्यादा अशी दोन मूल्ये असतात: नव्या आकड्याला किती वजन द्यायचे आणि किती वेडावाकडा आकडा असल्यास तो सोडून द्यायचा. ही मर्यादा सैल ठेवली, तर महिनाअखेरीचा फुगलेला कालावधी पुढच्या रात्रींच्या अंदाजात शिरतो आणि पहिला आठवडाभर खोट्या सूचना येत राहतात.

चौथी पायरी: दिनदर्शिका आणि सुट्ट्या

शेड्यूलमधल्या चुकांपैकी मला सर्वांत चीड आणणाऱ्या चुका इथल्या असतात, कारण त्या महिनोन्‌महिने आधी दिसू शकतात. जॉब सुट्टीच्या दिवशी येत असेल तर त्याचे काय करायचे, याचे चार पर्याय असतात: आधीच्या कामकाजाच्या दिवशी चालवायचा, नंतरच्या दिवशी चालवायचा, सुट्टीतही चालवायचा, किंवा वगळायचा. प्रत्येक जॉबसाठी हे उत्तर व्यवसायाच्या माणसाकडून लेखी घ्यावे. पगाराची फाइल आदल्या दिवशी जायला हवी, तर थकबाकीचा दंड नंतरच्या दिवशी लागायला हवा. दोन्हींना एकच नियम लावला की कोणाचा तरी तोटा होतो.

सुट्टी कोणाची, हा पुढचा प्रश्न. ४ जुलै २०२६ शनिवारी येतो. अमेरिकेतील केंद्र सरकारची कार्यालये त्याबद्दल शुक्रवारी, ३ तारखेला सुट्टी पाळतात, पण फेडरल रिझर्व्ह बँका शनिवारी आलेल्या सुट्टीसाठी शुक्रवार बंद ठेवत नाहीत. सुट्टी रविवारी आली तर मात्र त्या सोमवारी बंद असतात. सरकारी यादी उचलून शेड्यूलरच्या कॅलेंडरमध्ये ओतणाऱ्याने ३ जुलैची क्लिअरिंगची बॅच स्वतःच्या हाताने रद्द केलेली असते. त्यामुळे क्लिअरिंगच्या जॉबांना फेडचे, बाजाराच्या जॉबांना शेअर बाजाराचे आणि अंतर्गत अहवालांना कंपनीचे, अशी वेगवेगळी कॅलेंडरे ठेवावीत आणि पुढच्या वर्षाची भर ऑक्टोबरातच करून दुसऱ्या माणसाकडून ताळा करून घ्यावा. आपल्या बाजूची सुट्टीही विसरू नये. गणपतीत आणि दिवाळीत माणसे कमी असतात आणि तिकडे तो साधा मंगळवार असतो; दिवाळी महिनाअखेरीजवळ आली तर ड्यूटीची यादी दोन महिने आधी ठरवावी.

घड्याळाचा बदल

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ दोनवरून एकदम तीनवर जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनवरून पुन्हा एकवर येते. मशीनचे मूळ घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) चालते, बदलतो तो स्थानिक वेळेचा फरक. त्यामुळे मशीनला काही होत नाही, वेळेवर बांधलेल्या जॉबांना होते. मार्चच्या त्या रात्री ०२:३० ही वेळ अस्तित्वातच नसते आणि नोव्हेंबरात ०१:३० दोनदा येते. आपला शेड्यूलर अशा वेळी जॉब वगळतो, दोनदा चालवतो की पुढे ढकलतो, हे गृहीत न धरता चाचणीच्या एलपीएआरवर (मेनफ्रेमच्या वेगळ्या केलेल्या भागावर) पाहून घ्यावे. त्याहून बरे म्हणजे एक ते तीनच्या दरम्यान घड्याळाच्या वेळेवर कोणताही जॉब बांधूच नये; तो आधीच्या जॉबवर किंवा फाइलच्या आगमनावर बांधावा. मार्चच्या त्या रात्री बॅचची खिडकी एक तासाने आखूडही होते. उलट ३१ ऑक्टोबर २०२६ चा शनिवार महिनाअखेरीचा आहे आणि त्याच रात्री तास परत मिळतो. पण त्या वाढीव तासावर विसंबून काही ठरवू नये, कारण त्याच तासात वेळा दोनदा येणार आहेत.

पुण्यात बसलेल्यांसाठी याचा आणखी एक पदर आहे. तिकडची २२:३० म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळी आठ आणि हिवाळ्यात नऊ. सहाची मुदत म्हणजे दुपारी साडेतीन किंवा साडेचार. ग्राहकाची ‘रात्रीची बॅच’ आपली पहिली पाळी चालवते, आणि घड्याळ बदलल्यावर पाळ्यांच्या वेळा तशाच राहिल्या की शेवटचा तास कोणाच्याच अंगावर नसतो. हँडओव्हरच्या वहीत सगळ्या वेळा एकाच पद्धतीने, म्हणजे ग्राहकाच्या वेळेने लिहाव्यात.

पाचवी पायरी: शेड्यूलरमध्ये आणि त्याखालच्या थरांत भरणी

मुदत सगळ्या जॉबांना देऊ नये. ती साखळीच्या शेवटच्या जॉबला द्यावी आणि मधल्या जॉबांच्या शेवटच्या वेळा शेड्यूलरलाच मोजू द्याव्यात. झेड वर्कलोड शेड्यूलर कालावधी आणि मुदत यांवरून प्रत्येक ऑपरेशनची लेटेस्ट स्टार्ट वेळ काढतो, आणि कंट्रोल-एम व सीए-७ या दुसऱ्या शेड्यूलरांत जॉब संपण्याची मुदत ड्यू आऊट या नावाने देतात. मधल्या जॉबांना हाताने वेळा दिल्या तर पोस्टिंगचा कालावधी बदलल्यावर त्या कोणी बदलत नाही आणि दोन वर्षांत त्या निरर्थक होतात.

शेड्यूलरच्या खाली जेईएस, म्हणजे जॉब रांगेत घेऊन चालवणारा झेड/ओएसचा भाग आहे. जेईएस३ मध्ये मेन कार्डावर (जॉबच्या सूचनांतल्या एका ओळीत) डेडलाइन लिहून मुदत जवळ येईल तशी जॉबची प्रायॉरिटी चढवता येत असे. मात्र जेईएस३ असलेली झेड/ओएस २.५ ही शेवटची आवृत्ती, त्यामुळे तिथून जेईएस२ वर येणाऱ्यांनी या कार्डांची यादी आधीच काढावी. जेईएस२ मध्ये झेड/ओएस २.२ पासून शेड्यूल स्टेटमेंट आले. त्यातला होल्डअंटिल जॉबला ठरावीक वेळेपर्यंत थांबवतो आणि स्टार्टबाय अमुक वेळेपर्यंत तो सुरू करण्याचा प्रयत्न करतो. तो प्रयत्नच आहे, हमी नव्हे. अनेक जॉब, अनेक यंत्रणा आणि कॅलेंडरे असतील तिथे हे शेड्यूलरची जागा घेत नाही.

त्याखाली डब्ल्यूएलएम, म्हणजे मशीनची क्षमता कामांमध्ये वाटणारा भाग. जॉबला सर्व्हिस क्लास (कामगिरीचे ध्येय ठरवलेला गट) मिळतो, त्याचे महत्त्व १ ते ५ असते आणि परफॉर्मन्स इंडेक्स १ च्या वर गेला की ध्येय चुकते आहे असे समजायचे. उशीर झालेल्या जॉबला वरच्या क्लासमध्ये ढकलण्याची सोय शेड्यूलरमध्ये असते. ती फक्त क्रिटिकल पाथवरच्या जॉबांना द्यावी. सगळ्यांनाच वर चढवले की सगळे पुन्हा त्याच रांगेत उभे राहतात.

सहावी पायरी: उशीर होताना पाहावे, पडल्यावर नव्हे

पडलेला जॉब दिसतो. न पडलेला पण सुरूच न झालेला जॉब दिसत नाही, आणि मुदती बहुधा त्यानेच खाल्लेल्या असतात. जॉब इनपुट रांगेत असेल तर एसडीएसएफमध्ये (जॉबांच्या रांगा दाखवणाऱ्या स्क्रीनवर) त्याचा जॉब क्लास पाहावा. त्या क्लासला मोकळा इनिशिएटर (जॉब चालवणारी जागा) नसेल तर प्रायॉरिटी वाढवून उपयोग नाही, आधी रांगेतले बिनमहत्त्वाचे जॉब होल्डवर टाकावेत. जॉब डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलची) वाट पाहत थांबला असेल तर कन्सोलवर आयईएफ०९९आय हा संदेश येतो. डेटासेट कोणी धरून ठेवला आहे ते जीआरएस या ताब्यांचा हिशोब ठेवणाऱ्या भागाच्या डिस्प्ले कमांडने कळते. एकदा माझ्या पाळीत पोस्टिंग चाळीस मिनिटे अडले होते आणि शोधाअंती निघाले की कोणीतरी टीएसओवर (मेनफ्रेमच्या वापरकर्त्याच्या स्क्रीनवर) तीच फाइल एडिटमध्ये उघडी ठेवून जेवायला गेला होता.

सूचना दोन टप्प्यांत लावाव्यात: शेवटच्या सुरुवातीच्या वेळेआधी वीस मिनिटे ऑपरेटरला, आणि ती वेळ उलटली की ऑनकॉल माणसाला व ग्राहकाच्या ड्यूटी मॅनेजरला. दुसऱ्या फोनला संकोच करू नये. जॉब अजून पडलेला नाही, हे कळवण्यास उशीर करण्याचे कारण होऊ शकत नाही.

सातवी पायरी: जॉब पडल्यावर

आधी कोड पाहावा. बी३७ म्हणजे डेटासेटला जागा पुरली नाही. जागा वाढवून त्या स्टेपपासून सुरू करता येते. एस८०६ म्हणजे मॉड्यूल सापडले नाही, बहुधा त्या दिवशी कोणीतरी बदल केलेला असतो. एस३२२ म्हणजे दिलेली सीपीयूची वेळ संपली. वेळ वाढवण्याआधी प्रोग्रॅम लूपमध्ये तर नाही ना, हे पाहावे. एस०सी७ म्हणजे अंकांच्या जागी अंक नसलेला डेटा आला. हे ऑपरेशन्सने परस्पर दुरुस्त करू नये, ॲप्लिकेशनच्या माणसाला उठवावे.

रीस्टार्टमध्ये सर्वांत जास्त चुका जीडीजीच्या (एकाच नावाच्या फाइलच्या क्रमवार जनरेशनच्या, म्हणजे आवृत्त्यांच्या) होतात. दुसऱ्या स्टेपने +१, म्हणजे नवी जनरेशन तयार करून कॅटलॉग केली (फाइलींच्या यादीत नोंदवली), चौथी स्टेप पडली, आणि जॉब चौथ्या स्टेपपासून नव्याने सबमिट केला, तर आता जेसीएलमधला (जॉबच्या सूचनांमधला) +१ पुढची, अजून नसलेली जनरेशन मागतो. तिथे ०, म्हणजे सध्याची ताजी जनरेशन, लिहावा लागतो. रीस्टार्टचे सॉफ्टवेअर असेल तर ते हे सांभाळते, नसेल तर जेसीएलच्या वरच कॉमेंटमध्ये रीस्टार्टची पद्धत लिहून ठेवावी. पहिल्यापासून चालवताना मागच्या रनचे डेटासेट तसेच असले तर नॉट कॅटलॉग्ड टू असा संदेश येतो, म्हणजे त्या नावाची नोंद कॅटलॉगमध्ये आधीच आहे. जॉब तरीही हिरवा दिसू शकतो आणि पुढचा जॉब जुनीच फाइल वाचतो. म्हणून साफसफाईची स्टेप पहिली ठेवावी.

मुदतीच्या दडपणाखाली पडलेला जॉब हाताने पूर्ण असे दाखवून साखळी पुढे ढकलण्याचा मोह होतो. जॉबचे आउटपुट पुढे कोण कोण वाचते हे माहीत नसताना असे करू नये, आणि केलेच तर कोणाच्या परवानगीने केले ते वेळेसह लिहावे.

शेड्यूलरच बदलताना

१७ जून २०१२ रोजी ब्रिटनमधील आरबीएस समूहात मेनफ्रेमवरील बॅच शेड्यूलरची नवी आवृत्ती बसवली गेली. गडबड दिसल्यावर ती मागे घेण्यात आली, पण मागे घेतल्याने काय होईल याची चाचणी झालेली नव्हती, आणि त्यानंतर रात्रींमागून रात्री बॅच तुंबत गेली. आरबीएस, नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँकेच्या किमान ६५ लाख ग्राहकांना त्याचा फटका बसला. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. शेड्यूलरच्या बदलासाठी म्हणूनच दोन वेळा मोजाव्यात: बदलाला लागणारा वेळ आणि मागे येण्याला लागणारा वेळ. दोन्ही मिळून त्या रात्रीच्या ढिलीत बसत नसतील तर ती रात्र बदलावी, आणि मागे येण्याची रंगीत तालीम चाचणीच्या यंत्रणेवर आधी करावी. पहिल्या कागदावरची साध्या रात्रीची तीन तास दहा मिनिटे खर्च करण्याची खरी जागा ही आहे. महिनाअखेरीच्या आगेमागे दोन-दोन रात्री बदल बंद ठेवावेत.

पाळी सोडताना हँडओव्हरच्या वहीत पडलेल्या जॉबांची यादी सगळेच लिहितात. त्याच पानावर क्रिटिकल पाथवर या क्षणी उरलेली ढील मिनिटांत लिहावी, कोणत्या फाइलची वाट आहे ते लिहावे आणि हाताने बदललेला प्रत्येक जॉब, होल्डवर ठेवलेला प्रत्येक जॉब नावानिशी लिहावा. होल्डवर टाकलेला जॉब सोडायचा राहून जाणे ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी कुठे ना कुठे घडतेच.